पहिली रात्र निभावली तर: लहान देश, दांडगा शेजारी आणि हवाई संरक्षण

माझगावकर

७ मे २०२५ ला मुंबईत मॉक ड्रिलचे भोंगे वाजले आणि पुढच्या चार दिवसांत 'एस-४००' या रशियन हवाई संरक्षण यंत्रणेचं नाव लोकलच्या डब्यापासून वडापावच्या गाडीपर्यंत सगळीकडे पोचलं. तेव्हापासून आपल्याकडची चर्चा एकाच जागी अडकली आहे. पल्ला किती, किंमत किती, किती पाडली. मला दुसऱ्या बाजूने बोलायचंय. आपण मोठा देश आहोत. ज्यांच्याकडे मोठं हवाई दल नाही, मागे सरकायला जमीन नाही आणि शेजारी दांडगा आहे, त्यांना ही जमिनीवरची यंत्रणा खरंच वाचवते का?

माझं मत आधीच मांडतो, मग हवं तेवढं खोडून काढा. हवाई संरक्षण युद्ध जिंकून देत नाही. ते शेजाऱ्याचा 'चार दिवसांत उरकून टाकू' हा हिशेब मोडतं. दांडगा शेजारी छोट्याला घाबरत नाही, रखडलेल्या युद्धाला घाबरतो. रखडलं की पैसा जातो, शवपेट्या घरी येतात, जग मध्ये पडतं. पण त्यासाठी त्या यंत्रणेने पहिली रात्र निभावायला हवी.

याचं मला सगळ्यात बोलकं वाटणारं उदाहरण म्हणजे इजिप्त. जून १९६७ मध्ये इस्रायलने इजिप्तचं हवाई दल धावपट्टीवरच संपवलं. पुढे सुएझ कालव्यावर रेंगाळत चाललेल्या लढाईत जानेवारी १९७० पासून इस्रायली फँटम विमानं थेट कैरोच्या आसपास बॉम्ब टाकायला लागली. अडवणारं कुणी नव्हतं. इजिप्तचे राष्ट्राध्यक्ष नासर गुपचूप मॉस्कोला गेले आणि मार्चपासून सोव्हिएत क्षेपणास्त्रं, ती चालवणारी सोव्हिएत माणसंसुद्धा, इजिप्तमध्ये उतरली. एप्रिलमध्ये आतवरचे हल्ले थांबले. तह झाला नव्हता, कुणी हरलं नव्हतं. आत शिरण्याची किंमत तेवढी वाढली होती. ऑगस्टमध्ये युद्धबंदी झाली आणि त्याच रात्री इजिप्तने आपल्या बॅटऱ्या, म्हणजे क्षेपणास्त्रं, लाँचर आणि रडारच्या तुकड्या, कालव्याच्या दिशेने पुढे सरकवायला घेतल्या.

६ ऑक्टोबर १९७३ ला इजिप्तने कालवा ओलांडला तो या छत्राखाली. उंचावरच्या विमानांसाठी एसए-२ आणि एसए-३ क्षेपणास्त्रं, मधल्या उंचीला रणगाड्यासारख्या पट्ट्यांवर फिरणारं एसए-६, खाली उतरलात तर चार नळ्यांची शिल्का तोफ आणि शिपायाच्या खांद्यावरचं एसए-७. एक टाळायला गेलात तर दुसऱ्याच्या तोंडी. त्या युद्धात इस्रायलने शंभराच्या आसपास विमानं गमावली, त्यातली बरीचशी पहिल्या काही दिवसांत. इजिप्तचं पायदळ मुद्दाम थोडंच पुढे जाऊन थांबलं, कारण छत्र तिथवरच पोचत होतं.

मग १४ ऑक्टोबर आला. सीरियावरचा दाब कमी करायचा म्हणून वरून हुकूम आला आणि इजिप्तचे रणगाडे छत्राबाहेर पडले. एका दिवसात दोनशेहून जास्त रणगाडे गेले. आणि त्यानंतर जे झालं ते मला फार महत्त्वाचं वाटतं. १६ तारखेपासून इस्रायली रणगाडे कालवा ओलांडून पश्चिमेला गेले आणि त्यांनी क्षेपणास्त्रांच्या जागा जमिनीवरून उद्ध्वस्त केल्या. विमानांना जे जमलं नव्हतं ते रणगाड्यांनी केलं, आणि मग त्या भोकातून विमानं आत आली. हवाई संरक्षणाची रखवाली करायला जमिनीवर सैन्य लागतं, हे आपण कधीच बोलत नाही.

युक्रेनवर इथे खूप लिहून झालंय, म्हणून एकच सांगतो. २४ फेब्रुवारी २०२२ च्या पहाटे रशियाने युक्रेनची रडार आणि क्षेपणास्त्रं जिथे असल्याचं माहीत होतं तिथे मारा केला. ठराविक जागी रुतलेली बरीच यंत्रणा सापडली. पण गाड्यांवरची एस-३०० आणि बुक क्षेपणास्त्रं त्याच्या थोडंच आधी हलवलेली होती. पहिले काही दिवस गोंधळाचे गेले, मग ती परत कामाला लागली. तेव्हापासून रशियाची लढाऊ विमानं युक्रेनच्या आतल्या भागावर मोकळी फिरू शकलेली नाहीत.

आता तुम्ही बोला.

रडारवाली

धागा आवडला. मी रडारच्या क्षेत्रात काम केलंय, त्यामुळे 'पल्ला ४०० किलोमीटर' हे वाचलं की अस्वस्थ व्हायला होतं. तेवढं आधी स्पष्ट करते.

पृथ्वी गोल आहे आणि रडारचे किरण जवळजवळ सरळ जातात. त्यामुळे लक्ष्य किती दूर दिसणार हे क्षेपणास्त्राच्या पल्ल्यावर नाही, दोघांच्या उंचीवर ठरतं. आपल्या इथलंच घेऊ. समजा मलबार हिलवर समुद्रसपाटीपासून ५० मीटर उंचीवर रडार बसवलं, आणि अरबी समुद्रावरून पाण्यापासून फक्त १० मीटरवर क्रूझ क्षेपणास्त्र येतंय. ते रडारला पहिल्यांदा दिसणार सुमारे ४२ किलोमीटरवर. त्याचा वेग ताशी ९०० किलोमीटर धरला तर मिनिटाला १५ किलोमीटर. म्हणजे ते दिसल्यापासून पोचेपर्यंत तीन मिनिटंसुद्धा नाहीत. त्यात ओळखायचं, आपलं की परकं ठरवायचं, हुकूम घ्यायचा, डागायचं, आणि चुकलं तर दुसरं डागायचं. तुमच्याकडे ४०० किलोमीटर पल्ल्याचं क्षेपणास्त्र असलं तरी या बाबतीत काही फरक पडत नाही.

तेच रडार विमानात बसवून पाच किलोमीटर वर नेलं तर तेच क्षेपणास्त्र तत्त्वतः ३०० किलोमीटरवरून नजरेच्या टप्प्यात येतं. पण अशी विमानं अतिशय महाग, आणि छोट्या देशाला ती चोवीस तास हवेत ठेवणं परवडत नाही. सिंगापूरने यावर मोठा फुगा वर सोडायचा मार्ग घेतला, सहाशे मीटर उंच, दोराने जमिनीला बांधलेला. सिंगापूर म्हणजे बृहन्मुंबईपेक्षा थोडाच मोठा देश, त्याला मागे सरकायला जागाच नाही.

युक्रेनने तर अजून साधं काम केलं. रशिया सोडतो त्या इराणी बनावटीच्या शाहेद ड्रोनचं इंजिन मोपेडसारखं मोठ्याने वाजतं. त्यांनी देशभर खांबांवर हजारो मायक्रोफोन बसवले, ते सगळे जोडले, आणि आवाजावरून ड्रोन कुठून कुठे चाललंय याचा नकाशा तयार होतो. तो मशीनगन लावलेल्या पिकअप गाड्यांवरच्या तुकड्यांना मिळतो. एका मायक्रोफोनची किंमत काहीशे डॉलर. माझ्या मते लहान देशांसाठी गेल्या काही वर्षांतली सगळ्यात मोठी गोष्ट ही आहे, पॅट्रियट ही महागडी अमेरिकन क्षेपणास्त्र यंत्रणा नव्हे.

ठाकूरद्वार

माझगावकर, उत्तम लेखन. १९७१ च्या डिसेंबरात आमच्या चाळीत खिडक्यांच्या काचांना काळे कागद चिकटवले होते आणि कुणाच्या खोलीतून उजेडाची तिरीप दिसली तर खालून ओरडा व्हायचा. त्या वयात वाटायचं, संरक्षण म्हणजे दिवे बंद करणं.

त्याच्याच पुढच्या डिसेंबरात व्हिएतनाममध्ये काय झालं ते तुमच्या मुद्द्याला धरून आहे. १८ डिसेंबर १९७२ पासून अमेरिकेने हनोई-हायफाँगवर बी-५२ घातली. जगातलं सगळ्यात बलाढ्य बॉम्बफेकी विमान. समोर सोव्हिएत बनावटीचं एस-७५ क्षेपणास्त्र, तेव्हाच पंधरा वर्षांचं जुनं. पहिल्या रात्री बी-५२ ची रांग एकाच वाटेने, एकाच उंचीने आली आणि एकाच ठिकाणी वळली. दुसऱ्या रात्री तेच. तिसऱ्या रात्री तेच, आणि त्या रात्री सहा बी-५२ पडली. एकूण पंधरा गेली हे अमेरिकेचं स्वतःचं म्हणणं, व्हिएतनामचा आकडा त्याच्या दुपटीहून जास्त आहे. त्यानंतर अमेरिकेने सगळी पद्धत बदलली, आणि शेवटी शेवटी व्हिएतनामची क्षेपणास्त्रंही संपत आली होती. २७ जानेवारी १९७३ ला पॅरिसचा करार झाला.

कोण जिंकलं यावर अजून वाद आहे. पण ज्या राष्ट्राकडे बी-५२ ला तोंड देईल असं हवाई दल नव्हतं, ते वाटाघाटीच्या टेबलावर बसून राहिलं, हे खरं.

अंधेरी_स्लो

सगळ्यांचं वाचलं. मला हे पटत नाही, आणि का ते नीट लिहितो.

धाग्याचा विषय आहे शेजाऱ्याला परावृत्त करणं. तुम्ही दिलेलं एकेक उदाहरण पाहा. युक्रेनवर हल्ला झाला. व्हिएतनामवर झाला. यात परावृत्त कोण झालं? युद्ध सुरू झाल्यावर शत्रूची विमानं पाडणं आणि युद्ध सुरूच होऊ न देणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. इजिप्तच्या १९७० च्या गोष्टीत तर मला वाटतं इस्रायल क्षेपणास्त्रांना घाबरलं नाही, मॉस्कोला घाबरलं. तिथे सोव्हिएत वैमानिकही विमानं उडवत होते. उद्या एखादा रशियन मेला तर काय, ही भीती होती.

आणि जिथे मॉस्को स्वतः बचावाला उतरलं नव्हतं तिथलं पाहा. जॉर्जिया, ऑगस्ट २००८. त्यांच्या बुकने रशियाचं टीयू-२२ एम बॉम्बफेकी विमान पाडलं, सुखोई-२५ पण गेली. रशियन हवाई दलाची तेव्हा चांगलीच नाचक्की झाली. पण युद्ध पाच दिवसांत आटपलं आणि दोन प्रांत हातचे गेले. लेबनॉनमधलं बेका खोरं, ९ जून १९८२: सीरियाच्या १९ बॅटऱ्यांपैकी १७ एका दुपारी संपल्या. इस्रायलने आधी खोटी ड्रोन पाठवली, सीरियाने रडार सुरू केली, आणि रडार सुरू होताच ती नेमकी कुठे आहेत ते कळलं. २०२० मध्ये अझरबैजानने तीच युक्ती केली. जुनी एएन-२ विमानं वैमानिकाशिवाय पाठवली, त्यांच्यावर आर्मेनियाच्या बाजूने मारा झाला की वरून बायरक्तार ड्रोन आणि हारोप, म्हणजे घिरट्या घालून लक्ष्यावर आदळणारं शस्त्र. ४४ दिवसांत खेळ खलास. जून २०२५ मध्ये इराण. एस-३०० होती, स्वतःची बावर-३७३ होती. पहिल्या काही दिवसांतच इस्रायली विमानं तेहरानवर.

गरीब देशाने या लोखंडात कोट्यवधी ओतायचे आणि पहिल्या दुपारी ते भंगारात जायचं. त्यापेक्षा मोठ्या आघाडीत शिरा. फिनलंडने तेच केलं.

शिवाजीपार्क_कट्टा

अंधेरी, मुद्दा जोरदार आहे, पण तुम्ही 'परावृत्त' फार कडक अर्थाने धरताय. मुंबईच्या खडूस फलंदाजीवर आपण सगळे वाढलो. समोर तगडी टीम असेल तर जिंकायचं स्वप्न बाजूला ठेवून दिवसभर खेळपट्टीवर उभं राहायचं. गोलंदाज थकतो, कॅप्टन वैतागतो, आणि पुढच्या मोसमात ती टीम तुम्हाला हलक्यात घेत नाही. लहान देशाला युद्ध जिंकायचं नसतं, त्याला बाद व्हायचं नसतं. शेजाऱ्याला हे आधीच दिसलं तर तो खेळायलाच उतरणार नाही, ही आशा. आणि उतरलाच तर निदान उभं राहता येतं.

माझगावकर

अंधेरी_स्लो, मनापासून धन्यवाद. अशा प्रतिसादासाठीच धागा काढतात. तुमच्या यादीतली उदाहरणं खरी आहेत, पण ती शेजारी शेजारी ठेवून पाहा. बेकाच्या बॅटऱ्या तिथे वर्षभर बसून होत्या आणि इस्रायलने त्यांचा कोपरा न कोपरा पाहून ठेवला होता. २०२० च्या काराबाख युद्धातली आर्मेनियाच्या बाजूची ओसा क्षेपणास्त्रं बरीच उघड्यावर, डोंगरमाथ्यावर. इराणमध्ये तर २०२४ च्या एप्रिल आणि ऑक्टोबरमध्येच एस-३०० ला फटके बसले होते, आणि जूनमधल्या पहिल्या रात्री देशाच्या आतूनच ड्रोन उडाली.

आता सर्बिया घ्या. तिथे एस-१२५ होतं, १९६० च्या दशकातलं. झोल्टान डानी या अधिकाऱ्याच्या बॅटरीत नियम होता, रडार वीस सेकंदांपेक्षा जास्त चालू ठेवायचं नाही. लक्ष्य मिळालं तर डागा, नाही मिळालं तर बंद करा आणि सामान बांधा. जागा सतत बदलायची. २७ मार्च १९९९ ला याच बॅटरीने एफ-११७ पाडलं, ज्याला रडारवर न दिसणारं विमान म्हणून जग ओळखत होतं. नाटोने ७८ दिवस बॉम्ब टाकले, आणि ते बहुतांशी पंधरा हजार फुटांच्या वरून, कारण सर्बियाची बरीच फिरती यंत्रणा शेवटपर्यंत सापडली नाही. सर्बियाने कोसोवो गमावलं, ते मी नाकारत नाही. पण नाटोच्या १९ देशांना तीन-चार दिवसांचं काम वाटत होतं ते अडीच महिने चाललं.

म्हणजे यंत्र तेच. शिस्त असेल तर ते टिकतं आणि शिस्त नसेल तर पहिल्या दुपारी जातं. शेजाऱ्याचे हेर जेव्हा अहवाल लिहितात तेव्हा ते किती लाँचर आहेत एवढंच पाहत नाहीत. त्या बॅटरीतली माणसं महिन्यातून किती वेळा रात्री जागा बदलायचा सराव करतात हेही पाहतात. परावृत्त करणारी गोष्ट ती आहे.

मॉस्कोच्या भीतीबद्दल: अर्धं मान्य. पण मग १९७३ चं काय? तेव्हा बॅटऱ्यांवर इजिप्शियन लोक होते, सोव्हिएत सैन्य नासर यांच्यानंतरचे राष्ट्राध्यक्ष सादात यांनी १९७२ मध्येच परत पाठवलं होतं.

बीकेसी_हिशेबनीस

मी युद्धातला नाही, आकड्यांतला माणूस. पॅट्रियटचं एक पीएसी-३ एमएसई क्षेपणास्त्र साधारण ४० लाख डॉलरचं. २०२४ मध्ये कंपनीने जगभरासाठी मिळून सुमारे ५०० बनवली. समोरून येणाऱ्या शाहेद ड्रोनची किंमत वीस ते पन्नास हजार डॉलरच्या घरात धरतात. रशिया एका रात्रीत अशी शेकडो सोडतो. सरळ आहे, लहान देश पैशात नाही तर मालाच्या साठ्यात आधी संपेल. पैसे दिले तरी कारखान्यात रांग आहे.

म्हणून जर्मनीने जुलै २०२२ पासून दिलेल्या गेपार्ड गाड्या युक्रेनमध्ये एवढ्या लाडक्या झाल्या. जर्मन सैन्याने त्या कधीच निवृत्त केल्या होत्या. ३५ मिलिमीटरच्या दोन तोफा, काही गोळ्यांत ड्रोन खाली. आपल्याकडेही मे २०२५ मध्ये तेच दिसलं. सरकारने सांगितल्याप्रमाणे ८-९ मेच्या रात्री पाकिस्तानकडून ३६ ठिकाणी ३०० ते ४०० ड्रोन आली. त्यातली बरीच एल-७० तोफांनी पाडली, ज्या साठच्या दशकापासून आपल्याकडे आहेत. नवीन रडार आणि कॅमेरा बसवला, लष्कराच्या आकाशतीर या संगणकीय जाळ्याने सगळ्या रडारचं चित्र जोडलं, आणि जुनी तोफ परत कामाची झाली. महागडं क्षेपणास्त्र महागड्या लक्ष्यासाठी राखून ठेवता आलं. लहान देशाच्या अर्थमंत्र्याने शिकायचं असेल तर हे.

कुर्ला_ते_सीएसएमटी

पण मग पाकिस्तानकडे पण एचक्यू-९ हे चिनी हवाई संरक्षण होतं ना? ते लहान शेजारी, आपण मोठे. तुमचा सिद्धांत तिथे लागू का नाही झाला? आपण तर लाहोरचं रडार उडवलं.

संपादक मंडळ

पक्षीय राजकारणाकडे जाणारे दोन प्रतिसाद काढले आहेत. विषय चांगला चाललाय, तो तसाच राहू द्या.

माझगावकर

कुर्ला, प्रश्न रास्त आहे. लागू झाला, पण उलट्या बाजूने. ७ मेच्या पहाटेच्या हल्ल्यात आपण दहशतवादी तळ निवडले आणि सैनिकी तळ वगळले. पुढच्या दिवसांत रडार आणि हवाई संरक्षणच आधी निशाण्यावर आलं, ते हारोपसारख्या घिरट्या घालणाऱ्या शस्त्रांनी. म्हणजे आपल्या नियोजनकर्त्यांनीही त्यांचं हवाई संरक्षण हिशेबात धरलं, त्याला बगल द्यायला वेगळं साधन वापरलं. हवाई दलप्रमुख ए. पी. सिंग यांनी ऑगस्ट २०२५ मध्ये बंगळुरूला सांगितलं की आपल्या एस-४०० ने पाच लढाऊ विमानं आणि एक मोठं विमान पाडलं, त्यातलं मोठं जवळजवळ ३०० किलोमीटरवरून. पाकिस्तान हे मान्य करत नाही. पण एवढ्या लांबून हात पोचू शकतो हे कळल्यावर समोरच्याचं टेहळणी विमान सीमेपासून किती मागे राहतं, याचा विचार करा. ते मागे राहिलं की त्याला कमी दिसतं.

रडारवालींच्या तीन मिनिटांवर एक जोड: २४ एप्रिल २०२५ ला आयएनएस सुरतने अरबी समुद्रात पाण्यालगत उडणारं लक्ष्य मध्यम पल्ल्याच्या क्षेपणास्त्राने टिपलं. जहाज आमच्या माझगाव डॉकमध्ये बांधलेलं. रडार किनाऱ्यावर न ठेवता समुद्रात पुढे नेलं की मुंबईला मिळणारी मिनिटं वाढतात. लहान देशांना हा मार्ग क्वचितच परवडतो.

परळची_सिस्टर

मी एका रुग्णालयात काम करते, म्हणून मला या चर्चेत माणसं दिसत नाहीत हे बोचलं.

१० ऑक्टोबर २०२२ पासून रशियाने युक्रेनची वीजकेंद्रं फोडायला सुरुवात केली. हिवाळ्याच्या तोंडावर. रुग्णालयात वीज गेली की काय होतं ते मी जनरेटर सुरू होईपर्यंतच्या काही सेकंदांतसुद्धा अनुभवलंय. व्हेंटिलेटरची बॅटरी किती टिकते, बाळांच्या काचपेट्या किती वेळ गरम राहतात, हे आम्ही घड्याळाकडे बघून मोजतो. त्याच आठवड्यात जर्मनीची पहिली आयरिस-टी हवाई संरक्षण यंत्रणा तिथे पोचली, नोव्हेंबरात तशीच नासाम्स. जिथे ती उभी राहिली तिथे दिवे टिकायची शक्यता वाढली. 

खार्किव्ह हे दहा लाखांहून मोठं शहर रशियाच्या सीमेपासून जेमतेम चर्चगेट ते बोरिवली एवढ्या अंतरावर आहे. तिकडून क्षेपणास्त्र सुटलं तर भोंगा वाजायच्या आत ते पडलेलं असतं. म्हणून त्यांनी शाळा भुयारी मेट्रोत नेल्या, आणि मग जमिनीखाली मुद्दाम शाळा बांधल्या. मला वाटतं बरेच लोक शहरात टिकून राहिले, मुलं शिकत राहिली, शस्त्रक्रिया होत राहिल्या, हेही त्या संरक्षणाचाच भाग धरायला हवं. शहर रिकामं झालं तर शेजाऱ्याला लढायची गरजच उरत नाही.

अंधेरी_स्लो

सिस्टर, याला माझ्याकडे उत्तर नाही, आणि देऊही इच्छित नाही. माझगावकर, शिस्तीचा मुद्दा मान्य. पण ग्लाइड बॉम्बचं काय? रशियाची सुखोई-३४ पन्नास-साठ किलोमीटर मागून, स्वतःच्या ताब्यातल्या भागावरून बॉम्ब सोडतात. पंख लावलेला जुना बॉम्ब, स्वस्त. त्यांना रोखायला पॅट्रियट पुढे न्यावं लागतं. नेलं, काही विमानं पाडली, आणि मार्च २०२४ मध्ये पुढे नेलेले लाँचर रशियाच्या इस्कंदर क्षेपणास्त्राने उडवले. मागे ठेवा तर आघाडी भाजते, पुढे न्या तर यंत्र जातं.

रडारवाली

हा पेच खरा आहे आणि त्यावर कुणाकडेही स्वच्छ तोड नाही. निदान अजून तरी. तुमच्या वाक्यात एक गोष्ट मात्र आहेच: ती विमानं पन्नास-साठ किलोमीटर मागे का थांबतात? कारण पुढे येणं परवडत नाही.

रुईया_टीवाय

मी राज्यशास्त्राची विद्यार्थिनी आहे. तैवानबद्दल कुणी लिहाल का? आणि लहान देशांनी घ्यायचं कुणाकडून? कारण जो विकतो तोच सुटे भाग आणि क्षेपणास्त्रं अडवू शकतो ना?

माझगावकर

रुईया, दुसऱ्या प्रश्नापासून. फिनलंडकडे रशियन बुक होती. त्यांनी ती काढून नॉर्वेची नासाम्स घेतली, कारण ज्याची भीती त्यालाच त्या रडारची नस न नस माहीत. २०२३ मध्ये इस्रायलकडून डेव्हिड्स स्लिंग या हवाई संरक्षण यंत्रणेचा करार केला, नाटोत शिरल्यानंतर. अंधेरी म्हणाले आघाडीत शिरा. फिनलंड शिरलं आणि तरीही विकत घेतलं. एस्टोनिया आणि लात्वियाने मिळून आयरिस-टी घेतली, दोघांचा खर्च आणि प्रशिक्षण वाटून. आर्मेनियाने २०२० चा धडा घेऊन भारताचं 'आकाश' क्षेपणास्त्र घेतलं, पहिली तुकडी २०२४ च्या शेवटी गेली. पल्ला पंचवीस-तीस किलोमीटरचा, पण एकाच वेळी अनेक लक्ष्यांवर जाणारं आणि रशियाच्या मर्जीवर न अवलंबणारं.

तैवानकडे पॅट्रियट आहे आणि स्वतःचं तिएन कुंग-३ क्षेपणास्त्र आहे. स्वतःचं असण्याचं महत्त्व तिथे सगळ्यात जास्त, कारण बेटाला वेढा पडला तर बाहेरून एक खिळाही येणार नाही. १० ऑक्टोबर २०२५ ला राष्ट्राध्यक्ष लाई यांनी टी-डोम नावाची थरावर थर असलेली यंत्रणा उभारायचं जाहीर केलं. माझं वैयक्तिक मत, त्यांनी पैशाचा मोठा वाटा साठ्यावर आणि फिरत्या लाँचरवर घालावा. चीनकडे क्षेपणास्त्रं इतकी आहेत की सगळी पाडणं अशक्य. पहिल्या आठवड्यानंतरही काही बॅटऱ्या कुठेतरी झाडीत, बोगद्यात जिवंत आहेत एवढी शंका बीजिंगला राहिली, तर सैनिक भरलेली जहाजं आणि विमानं सामुद्रधुनीत आणणं फार मोठा जुगार ठरतो.

ठाकूरद्वार

आणि ज्यांच्याकडे यातलं काहीच घ्यायला पैसे नाहीत, त्यांनी? मोल्डोव्हासारखे?

रडारवाली

काका, मोल्डोव्हाचं उदाहरण छान काढलंत. १० ऑक्टोबर २०२२ ला रशियाची क्रूझ क्षेपणास्त्रं युक्रेनकडे जाताना मोल्डोव्हाच्या आकाशातून गेली. अडवायला त्यांच्याकडे काही नव्हतं, आणि नीट पाहायलाही नव्हतं. त्यांनी क्षेपणास्त्रं घेतली नाहीत. फ्रान्सकडून एक रडार घेतलं, ग्राउंड मास्टर २००, ते २०२३ च्या शेवटी आलं. एकच, ट्रकवरचं.

आता त्यांच्या आकाशात काय शिरलं, किती वाजता, कुठून कुठे गेलं, हे ते पुराव्यासह सांगू शकतात. शेजारच्या रोमानियाला कळवू शकतात, विमानतळ वेळेत बंद करू शकतात. मला कुणा लहान देशाला सल्ला द्यायचा असता तर हाच क्रम सांगितला असता. आधी दिसायला लागू द्या. मग तोफा आणि खांद्यावरची क्षेपणास्त्रं, माणसांच्या सरावासकट. मोठी बॅटरी त्यानंतर, आणि ती घेतली तर तिच्यासोबत किमान दुप्पट क्षेपणास्त्रं आणि खोट्या रबरी बॅटऱ्या. उलट्या क्रमाने घेतलेली यंत्रणा परेडमध्ये छान दिसते, पण जवळ येणारं तिला वेळेत दिसत नाही.

अंधेरी_स्लो

हा क्रम मला पटला. खोट्या बॅटऱ्यांवर तुम्ही वेगळा धागा काढा, मी त्यात सर्बियाने प्लायवूडचे रणगाडे आणि नकली पूल कसे वापरले ते लिहितो.